लॅपटॉपचा पडदा बिघडल्यास काय करावे: निदान, दुरुस्ती आणि कागदपत्रे

माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर उजव्या कडेपासून चार बोटे आत एक हिरवी उभी रेघ दिसू लागली, तेव्हा वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. झाकण थोडे पुढे ओढले की ती रेघ नाहीशी होई आणि मागे रेलले की पुन्हा उमटे. हे मला रोज दिसत होते, पण दुकानात सांगण्याजोगे काही वाटले नाही. दुकानदाराने पडदा पाहिला, ‘पॅनेल गेले’ असे सांगितले आणि मी ५,८०० रुपये मोजून नवे पॅनेल बसवून घेतले. अकराव्या दिवशी तीच रेघ त्याच जागी परत आली. दुसऱ्या कारागिराने बिजागरीजवळचे आवरण उघडून दाखवले, तेव्हा करंगळीहून बारीक अशा केबलवरची काळी चिकटपट्टी घासून सुटलेली होती आणि आतल्या केसाएवढ्या एका तारेचे तांबे चमकत होते. ती केबल मजुरीसह १,१०० रुपयांत बदलून झाली. पॅनेलचे पैसे मात्र वायाच गेले.

हा लेख त्या ५,८०० रुपयांतून शिकलेल्या गोष्टींचा आहे. पडद्यावर चित्र उमटण्यासाठी विंडोजसारखी प्रणाली, ग्राफिक्सची चिप, बिजागरीतून जाणारी केबल आणि झाकणातले पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणारी काच, अशा चार गोष्टी एकामागोमाग काम करत असतात, आणि यांपैकी कोणतीही बिघडली तरी डोळ्यांना दिसतो तो पडद्याचाच दोष. यांपैकी कोणती बिघडली आहे याचा अंदाज घरीच, एकही स्क्रू न काढता घेता येतो आणि दुकानात जाण्यापूर्वी तो घेणे फार हिताचे असते.

१. सर्वांत आधी फाइलींची प्रत काढून ठेवा

आज रेघ आहे, उद्या पडदा पूर्ण काळा होऊ शकतो, म्हणून काही दिसत आहे तोपर्यंत महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. विंडोजच्या पुष्कळ लॅपटॉपवर डेटा सुरक्षित ठेवणारे बिटलॉकर किंवा तत्सम कुलूप आपोआप चालू असते. दुरुस्तीत मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपमधला मुख्य सर्किट बोर्ड, बदलला गेला, तर यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येत नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. ती शोधून कागदावर उतरवून ठेवावी.

२. दोष नीट पाहा आणि शब्दांत लिहा

‘स्क्रीन खराब आहे’ एवढ्यावरून कोणताही कारागीर योग्य निदान करू शकणार नाही. रेघ उभी आहे की आडवी, तिचा रंग कोणता, ती कायम असते की येते-जाते, यंत्र गरम झाल्यावर वाढते का, चार्जर काढल्यावर काही फरक पडतो का आणि झाकण हलवल्यावर काय होते, या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत. यांतला शेवटचा प्रश्न मी टाळला आणि त्याचीच किंमत मोजली.

मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, कारण येणारा-जाणारा दोष दुकानाच्या काउंटरवर हटकून दिसत नाही. मात्र व्हिडिओत पडदा लुकलुकताना किंवा त्यावरून काळे पट्टे सरकताना दिसले, तर तेवढ्यावरून घाबरू नये. पॅनेलचा उजेड कमी-जास्त करण्यासाठी पुष्कळ पडदे आतले दिवे फार वेगाने चालू-बंद करतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. जे नुसत्या डोळ्यांना दिसते तेवढेच दोष म्हणून मोजावे.

३. दोष सॉफ्टवेअरचा आहे की यंत्राचा, हे ठरवा

सर्वांत सोपी आणि फुकटची कसोटी स्क्रीनशॉटची आहे. दोष दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर पाठवून पाहावा. त्या चित्रातही रेघ किंवा डाग दिसत असेल, तर पॅनेल निर्दोष असून गडबड सॉफ्टवेअरमध्ये किंवा ग्राफिक्समध्ये आहे. चित्र स्वच्छ असेल तर संशय बहुधा केबल व पॅनेलकडे वळतो, कारण स्क्रीनशॉट केबलपर्यंत पोहोचण्याआधीच्या चित्राचा घेतला जातो. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे, की ग्राफिक्स चिपचे काही दोष स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाहीत.

पडदा लुकलुकत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. बाकी सर्व लुकलुकत असताना टास्क मॅनेजरची खिडकी स्थिर राहिली, तर दोष एखाद्या प्रोग्रामचा असतो. तीही लुकलुकली तर डिस्प्ले ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांना जोडणाऱ्या प्रोग्रामवर, संशय घ्यावा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबल्यास ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. अडकलेला पडदा काही वेळा एवढ्यानेच सुटतो. लुकलुक नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर सुरू झाली असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्या ड्रायव्हरवर परत जावे, किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर घेऊन बसवावा. भलत्याच संकेतस्थळांवरचे ‘ड्रायव्हर दुरुस्त करणारे’ प्रोग्राम कधीही उतरवू नयेत. इंटेलचे ग्राफिक्स असलेल्या यंत्रांत बॅटरी वाचवण्यासाठी पॅनेल सेल्फ रिफ्रेश नावाची सोय असते आणि काही पॅनेलांशी तिचे जमत नाही. इंटेलच्या ग्राफिक्स प्रोग्राममध्ये जाऊन ती बंद केल्यावर लुकलुक थांबली, तर एक पैसाही खर्च न होता काम झाले.

शेवटची कसोटी म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वीचा बायोसचा पडदा. यंत्र चालू करताच एचपीवर एफ १०, तर डेल, एसर आणि एसूसवर एफ २ वारंवार दाबल्यास तो सहसा उघडतो. तेथे विंडोज नसते आणि त्याचे ड्रायव्हरही नसतात. म्हणून बायोसमध्येही तोच दोष दिसला, तर तो यंत्राचा आहे असे समजून फॉरमॅट मारण्याचा सल्ला नम्रपणे नाकारावा. आपल्याकडे कोणत्याही दुखण्यावर फॉरमॅट हे पहिले औषध असते. रेघेवर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

४. बाहेरचा पडदा जोडून पाहा

एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडावा आणि विंडोज व पी ही बटणे दाबून चित्र दोन्हीकडे दिसेल असे करावे. टीव्हीवरही तोच दोष दिसला तर दोष ग्राफिक्समध्ये किंवा मदरबोर्डवर आहे, आणि पॅनेल बदलून काहीही साधणार नाही. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल, तर केबल आणि पॅनेल हे दोनच मुख्य संशयित उरतात.

डेलच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये आणखी एक चांगली सोय आहे. यंत्र पूर्ण बंद करून डी हे बटण दाबून धरावे आणि मग पॉवरचे बटण दाबावे. पडदा एकामागून एक सपाट रंग दाखवू लागतो. ही पॅनेलची स्वतःचीच तपासणी असल्याने तिच्यातही रेघ दिसली, तर पॅनेल बदलण्याचा सल्ला बराचसा खरा मानावा.

५. पडदा काळा असेल तर

काळा पडदा नेहमी मेलेला नसतो. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत तिरका टाकावा आणि पडद्याजवळ जाऊन निरखावे. त्या झोतात विंडोजची चिन्हे पुसट दिसली, तर चित्र येत आहे आणि गेला आहे तो फक्त मागचा उजेड. दोष तेव्हा बॅकलाइटमध्ये, केबलमधल्या त्याच्या तारेत किंवा मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्यूजमध्ये असू शकतो. फ्यूज उडाला असेल तर पॅनेल बदलूनही अंधारच राहतो, म्हणून तो तपासला का, हे कारागिराला आवर्जून विचारावे. पडद्यामागे एलईडीचा उजेड नसलेल्या ओएलईडी पडद्यांना ही कसोटी लागू पडत नाही.

एक गंमत येथेच सांगतो. बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक लहान चुंबक असतो आणि झाकण बंद झाल्याचे खालच्या भागातला संवेदक त्यावरून ओळखतो. माझ्या बहिणीचा लॅपटॉप दिवसातून दहा वेळा अचानक काळा होत असे. शेवटी कारण निघाले ते तिच्या मनगटी घड्याळाच्या पट्ट्याचे चुंबकी बक्कल. चुंबकी झडपेचे मोबाइल कव्हर कीबोर्डशेजारी ठेवले किंवा एका लॅपटॉपवर दुसरा उघडा लॅपटॉप ठेवला, तरी असे होऊ शकते. दुकानात जाण्यापूर्वी जवळच्या चुंबकी वस्तू दूर करून अवश्य पाहावे.

६. केबल की पॅनेल

सगळ्यांत जास्त फसगत येथे होते. झाकण अगदी सावकाश, पूर्ण मिटण्याच्या बेतापासून पूर्ण मागेपर्यंत न्यावे आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहावे. ठराविक कोनातच दोष येत असेल, चित्र थरथरत असेल किंवा सगळा रंगच बदलून गुलाबी अथवा हिरवट होत असेल, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. बिजागरीपाशी केबल रोज वाकते आणि वर्षानुवर्षांच्या वाकण्याने झिजते. हे फक्त स्वस्त यंत्रांत होते असे नाही. ॲपलने २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोच्या बॅकलाइटच्या अशाच दोषासाठी २०१९ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली होती.

उलट, झाकण कसेही हलवले तरी एखादी सरळ रेघ जागची हलत नसेल, तर पॅनेलच्या काचेच्या कडेला चिकटवलेल्या सूक्ष्म जोडण्यांपैकी एखादी सुटलेली असते. पडद्याच्या चौकटीवर बोटाने अगदी हलके दाबल्यावर रेघ येते-जाते, हे त्याचे आणखी एक लक्षण आहे. ही जोडणी सामान्य दुकानात दुरुस्त होत नाही. अशा वेळी पॅनेल बदलणेच बरे.

शाईचा थेंब पसरावा तसा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा म्हणजे आतली काच फुटली आहे. वरून ओरखडाही नसला तरी हे होऊ शकते. कीबोर्डवर पेन राहून झाकण मिटले जाणे, एका हाताने पडद्याचा कोपरा धरून लॅपटॉप उचलणे आणि कॅमेऱ्यावर जाड झडप चिकटवणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर धुरकट, उजळ ठिपके दिसत असतील तर पडद्यावर दाब पडून मागचे उजेड पसरवणारे थर दबलेले असतात. गच्च भरलेली पाठपिशवी हे त्याचे प्रमुख कारण. अशा ठिपक्यांनी काम अडत नसेल तर खर्च करू नये. मात्र झाकण नीट मिटत नसेल किंवा टचपॅड वर आलेले दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे का हे पाहावे. फुगली असेल तर चार्जिंग तत्काळ थांबवावे, तिला टोचू किंवा दाबू नये आणि ती काढून टाकण्यासाठी यंत्र लगेच कारागिराकडे न्यावे.

पावसाळ्यात उजेडाकडे ओढलेले एखादे चिलट पॅनेलच्या थरांत शिरते आणि पडद्यावर चालणारा ठिपका दिसतो. त्यावर बोट दाबू नये. जिवंत असेपर्यंत ते आपल्या वाटेने बाहेर पडू शकते, चिरडले तर कायमचे तेथेच राहते. पडदा बंद करून समोर टेबलावरचा दिवा लावून ठेवावा आणि वाट पाहावी.

७. मेलेले पिक्सेल आणि नवा लॅपटॉप

नवा लॅपटॉप घेतला की पहिल्याच दिवशी पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच रंग एकेक करून पडदाभर पसरून पाहावेत. कायम काळा राहणारा, कायम पेटलेला किंवा एकाच रंगात अडकलेला ठिपका यातून उघड होतो. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे ठिपके, असतात आणि प्रत्येकात तीन उपपिक्सेल, म्हणजे ६२ लाखांहून अधिक सूक्ष्म दिवे. एखादा बिघडला म्हणून कंपनी पॅनेल बदलून देईलच असे नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या जुन्या प्रमाणात दुसऱ्या वर्गाच्या पडद्यात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम काळे आणि पाच अर्धवट बिघडलेले पिक्सेल चालवून घेतले जात. आज प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे आणि तो वॉरंटीच्या कागदांत लिहिलेला असतो. त्यामुळे वॉरंटीवर विसंबून न राहता विक्रेत्याची वस्तू बदलून देण्याची मुदत साधावी. ती बहुधा थोड्याच दिवसांची असते आणि आपण नेमके ते दिवस नव्या लॅपटॉपवरचे प्लास्टिक जपण्यात घालवतो.

८. सर्व्हिस सेंटरला जाताना लागणारी कागदपत्रे

वॉरंटी शिल्लक असेल तर एकही स्क्रू स्वतः काढू नये आणि पुढील गोष्टी सोबत न्याव्यात:

– जीएसटी क्रमांक असलेले मूळ बिल आणि त्याची छायाप्रत
– लॅपटॉपच्या तळाशी छापलेला अनुक्रमांक, वेगळ्या कागदावर लिहून
– दोषाचे फोटो व व्हिडिओ आणि दुसऱ्या टप्प्यात लिहिलेला कागद
– मूळ चार्जर
– अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घेतले असेल तर त्याची पावती

साध्या वॉरंटीत फुटलेला पडदा बसत नाही, त्याला अपघाती नुकसानीचे संरक्षणच लागते. म्हणून यंत्र देताना चारही कोपऱ्यांचे आणि पडद्याचे फोटो त्यांच्या काउंटरवरच काढावेत आणि ‘बाहेरून कोणतीही इजा नाही’ असे जॉब शीटवर, म्हणजे यंत्र दुरुस्तीला घेतल्याच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्यावे. नंतर कोपऱ्यावर पोचा असल्याचे सांगून वॉरंटी नाकारली गेली, तर हा कागदच कामाला येतो. अमेरिकेहून मामाने किंवा भावाने आणलेल्या लॅपटॉपची वॉरंटी भारतात चालतेच असे नाही. त्यासाठी आधी कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून पाहावा. पासवर्ड देण्याऐवजी एक वेगळे, रिकामे खाते उघडून द्यावे. पडदा तपासायला तुमच्या फाइली लागत नाहीत.

९. बाहेर दुरुस्ती करताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, पॅनेलची दुकाने एकमेकांना खेटून आहेत आणि आता लहान शहरांतही पॅनेल मागवून मिळते. अडचण मिळण्याची नसते, जुळण्याची असते. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपनी वेगवेगळ्या उत्पादकांची पॅनेले बसवते, त्यामुळे केवळ लॅपटॉपचे नाव सांगून पॅनेल मागवू नये. जुने पॅनेल काढून त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा फोटो घ्यावा आणि आकार, रिझोल्यूशन, जोडणीतल्या पिनांची संख्या, जोडणीची जागा व स्क्रूच्या पट्ट्या आहेत की नाहीत, हे सर्व नव्या पॅनेलशी ताडून पाहावे. साध्या फुल एचडी पॅनेलला बहुधा ३० पिना असतात, तर जास्त रिफ्रेश रेटच्या, म्हणजे सेकंदाला अधिक वेळा चित्र बदलणाऱ्या, किंवा टचच्या पॅनेलला अनेकदा ४०. आयपीएस पॅनेलच्या जागी स्वस्त टीएन पॅनेल बसवले गेले तर चित्र येते, पण बाजूने पाहताच रंग उडतात. म्हणून बिलावर पॅनेलचा पूर्ण क्रमांक आणि प्रकार लिहून घ्यावा.

कारागीर तुमच्यासमोर काम करत असेल, तर एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे: केबल काढण्याआधी चार्जर काढून आतली बॅटरी सोडवली आहे का? वीज चालू असताना केबल काढली-घातली, तर वर सांगितलेला बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो. त्याला राग येईल म्हणून गप्प बसू नये. ‘बॅटरी काढली ना, दादा?’ एवढे विचारल्याने कोणी रागावत नाही.

केबलचा संशय असेल तर आधी केबल बदलून पाहावी, कारण ती पुष्कळ स्वस्त असते. तुमच्या मॉडेलची केबल मिळायला आठवडा लागेल असे सांगितले, तरी थांबावे.

१०. लॅपटॉप ताब्यात घेताना

पैसे देण्यापूर्वी दुकानातच अर्धा तास यंत्र चालू ठेवावे. पाच रंगांची तपासणी पुन्हा करावी, झाकण दहा वेळा उघडून मिटावे, उजेड सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त करून पाहावा. कॅमेरा आणि माइकही तपासावेत, कारण त्यांच्या तारा त्याच झाकणात असतात. वायफायच्या अँटेनाही अनेक लॅपटॉपमध्ये पडद्याभोवती फिरवलेल्या असतात. पॅनेल बदलून घरी गेल्यावर काही वेळा नेटचा वेग मंदावल्याचे जाणवते आणि दोष नेट कंपनीला दिला जातो, पण खरे पाहता अँटेनाची तार चेमटलेली किंवा सुटलेली असते. जुने पॅनेल परत मागावे आणि नव्या भागाची हमी किती दिवसांची, हे बिलावर लिहून घ्यावे. माझ्या पहिल्या दुकानदाराने हमी तोंडी दिली होती. अकराव्या दिवशी त्याला ती आठवली नाही.

११. दाद मागायची असल्यास

वॉरंटी असूनही दुरुस्ती नाकारली गेली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाला जॉब शीट आणि फोटो जोडून ईमेल करावा. फोनवर कितीही बोलले तरी त्याचा पुरावा राहत नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बरीच प्रकरणे येथेच मिटतात. तरीही न सुटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तुम्ही जेथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून अर्ज घरबसल्या भरता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो करावा लागतो.

दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर मी पडदा बदलणार नाही. माझा त्याआधीचा लॅपटॉप पडदा फुटल्यापासून टीव्हीच्या मागे एचडीएमआयने जोडलेला आहे आणि झाकण मिटूनही चालू राहावा म्हणून विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ हा पर्याय निवडलेला आहे. आई त्यावर रोज संध्याकाळी कीर्तने पाहते.